एका घरात दोन झटके

त्या रविवारी अक्षता पालव हॉलमध्ये वडिलांची दाढी करत होती. दशरथ खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी मेंदूचा झटका आला तेव्हापासून तो हात आणि त्या बाजूचा पाय त्यांचं ऐकत नव्हता. बोलणंही गेलं होतं. ‘नाय’ आणि ‘अरे’ एवढेच दोन शब्द उरले होते. भूक लागली, टीव्ही बंद करा, पाठ खाजवा, सगळं या दोन शब्दांत सांगायचं, आणि समोरच्याला कळलं नाही की डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायच्या.

स्वयंपाकघरातून प्रेमाने लेकीला हाक मारली. हाक नेहमीपेक्षा बारीक होती, म्हणून अक्षताने लगेच मान वळवली. आई ओट्याला टेकून उभी होती. अर्धे साफ केलेले बांगडे ताटलीत तसेच पडले होते.

“डोक्यात कोण घण घालता तसा वाटता गे,” प्रेमा म्हणाली, आणि तिथेच सिंकमध्ये तिला उलटी झाली. मग तिचा डावा गुडघा वाकला आणि ती ओट्याच्या कडेने खाली घसरली.

अक्षता घाबरली, पण गोंधळली नाही. या प्रसंगाची तिने दोन वर्षं मनातल्या मनात तयारी केली होती. आईचं तोंड वाकडं झालंय हे तिने पाहिलं, हात वर करायला सांगितला, डावा हात उठला नाही. झटकाच होता.

वडिलांच्या वेळी ती घरी नव्हती. तेव्हा ती अंधेरीच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर होती आणि चाळीस माणसांचा ग्रुप घेऊन जैसलमेरला गेली होती. संध्याकाळी दशरथांच्या हातातून चहाचा कप पडला, जीभ जड झाली. प्रेमाला वाटलं, उन्हातून आलेत, दमलेत. शेजाऱ्यांनी हातापायाला तेल चोळलं. झोपू देत, सकाळपर्यंत बरं वाटेल, असं प्रेमानेच म्हटलं. सकाळी ते उठले नाहीत. जवळच्या नर्सिंग होममध्ये सीटी स्कॅनचं मशीन नव्हतं, तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. तिसरीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे. साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन बघता आलं असतं. आता पेशंट जगेल, पण गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही.

जैसलमेरहून परतलेल्या अक्षताला हे वाक्य तिच्या भावाने, सर्वेशने, सांगितलं. त्या दिवसापासून ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. तिने टूर सोडल्या, ऑफिसमध्ये बसून करायचं काम मागून घेतलं, कांदिवलीत कुठल्या हॉस्पिटलात सीटी चोवीस तास चालू असतो हे शोधून ठेवलं. आईला ती कधी काही बोलली नाही. फक्त तिच्याशी बोलणं कामापुरतं झालं. डाळ संपलीये, बाबांचे डायपर आणलेत, उद्या फिजिओवाला येणार नाही. एवढंच.

आरडाओरडा ऐकून शेजारची दर्शना धावत आली. तिच्या हातात सुई होती. बोटांना टोचून रक्त काढलं की झटका उतरतो, असं तिला मोबाइलवर आलं होतं. अक्षताने तिचा हात बाजूला केला आणि तिच्या नवऱ्याला बोलवायला सांगितलं. दत्ताराम टॅक्सी चालवायचा आणि रविवार असल्याने घरी होता. अँब्युलन्सला फोन लावला तर माणूस पत्ताच नीट समजून घेईना. चारकोपच्या सेक्टरचा नंबर त्याला तीनदा सांगून झाला, तेव्हा तिने फोन कापला. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. दत्ताराम आणि वरच्या मजल्यावरचे दोघे यांनी प्रेमाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून खाली नेलं. दशरथ दाराकडे तोंड करून, अर्ध्या गालावर साबण, “अरे, अरे, अरे” करत राहिले. दर्शना त्यांच्यापाशी थांबली.

घरातून निघताना अक्षताने वडिलांची रक्त पातळ करायची गोळी पर्समध्ये टाकली होती. वाटेत तिने ती आईच्या ओठांपाशी नेली. पण प्रेमाला पुन्हा उलटी झाली, म्हणून तो नाद तिने सोडला.

सकाळच्या रिकाम्या रस्त्यावरून ते किती लवकर पोचले याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. कॅज्युअल्टीत शिरताच तिने सगळं एका दमात सांगितलं. स्ट्रोक आहे, अर्धा ताससुद्धा झालेला नाही, माझ्या डोळ्यांसमोर झालंय, ताबडतोब सीटी करा आणि इंजेक्शन द्या. स्ट्रेचर खरंच पळत गेलं. सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं. बाहेर उभी राहून ती स्वतःला सांगत होती, या वेळी उशीर झालेला नाही.

मेंदूच्या डॉक्टर बाहेर आल्या. मृणालिनी मॅडम, असं नर्सने सांगितलं. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, डोळ्यांखाली काळं. इंजेक्शन देता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

अक्षताला वाटलं, पैशांचं काहीतरी असेल. ती म्हणाली, कार्ड आहे, आत्ता भरते. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग तिचा आवाज चढला. वेळ घालवू नका, एकदा आमच्या घरात हे होऊन गेलंय, वडील कायमचे खुर्चीत बसले, मला सगळं माहीत आहे, असं ती बोलत सुटली. लोक वळून बघायला लागले.

मृणालिनी मॅडमनी तिला आत नेऊन पडद्यावर आईच्या मेंदूचं चित्र दाखवलं. राखाडी गोळ्यात उजवीकडे एक पांढरा डाग होता, आवळ्याएवढा.

“हे रक्त आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांची नळी तुंबली होती. आईची फुटलीये. दोघांना झटकाच म्हणतात, पण हे दोन वेगळे आजार आहेत. ते इंजेक्शन आत्ता दिलं, तर हे रक्त थांबायचंच नाही.”

 अक्षताला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. डॉक्टर खोटं बोलत नव्हत्या. पांढरा डाग समोर होता. दोन वर्षं जपलेली ती साडेचार तासांची गोष्ट इथे लागूच नव्हती.

मग लवकर आणून काय मिळालं, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, बीपी दोनशेवीसच्या वर होतं, ते लगेच खाली आणायला घेतलं आहे. तासभर उशीर झाला असता तर डाग आणखी वाढला असता. आता पुढचं बऱ्याच गोष्टींवर आहे. रक्त किती सांडलं, कुठे सांडलं, पेशंट किती शुद्धीत आहे, वय काय. डाग मधल्या आकाराचा आहे, मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळीत रक्त उतरलेलं नाही, ही बरी गोष्ट. ऑपरेशनची घाई नाही. पण सूज यायची आहे, छातीत कफ होऊ शकतो. गुठळीचे पेशंट जास्त वाचतात, रक्तस्रावाचे जास्त दगावतात. पण रक्तस्रावातून जे वाचतात त्यांच्यातले काही गुठळीवाल्यांपेक्षा चांगले सुधारतात.

“म्हणजे नक्की काय समजायचं मी?”

“आज काही समजू नका. रक्त पातळ करायचं काही दिलंत का त्यांना?”

अक्षताने पर्समधली गोळी काढून दाखवली आणि उलटी झाली म्हणून राहिलं, असं सांगितलं. मृणालिनी मॅडमनी गोळी हातात घेऊन नाव वाचलं. “बरं झालं राहिलं,” त्या म्हणाल्या. मग दारातून परत वळून त्यांनी विचारलं, आईंना बीपीची गोळी चालू होती ना, रोज घेत होत्या ना?

अक्षता म्हणाली, हो. तिला तसंच वाटत होतं. बाबांच्या गोळ्यांबरोबर आईचं पाकीटही दर महिन्याला तीच आणायची.

सर्वेश मुलुंडहून आला तेव्हा दुपार झाली होती. जोगेश्वरीच्या जोडरस्त्यावर खोदकाम होतं, गाडी तासभर हलली नाही, हे तो पहिल्यांदा बोलला. मग आईला काचेतून बघून आला आणि बाकावर बसला.  डॉक्टरांशी बोलून झाल्यावर त्याने बहिणीला विचारलं, बीपी एवढं कसं वाढलं? ताई, तू घरातच असतेस, गोळ्या कोण बघतं?

 घरात कोण असतं आणि महिन्यातून एकदा फरसाणाचा पुडा घेऊन कोण येतं, हे अक्षताच्या जिभेवर आलं होतं. ती उठून कँटीनमध्ये गेली. चहा थंड होता, तरी प्यायली. सर्वेश वाईट नव्हता. दोन मुलं, बायकोची नोकरी, घराचा हप्ता. पण एवढं समजून घ्यायचा तिला त्या दिवशी कंटाळा आला होता.

संध्याकाळी सर्वेशला तिथे बसवून ती कपडे आणायला घरी गेली. दशरथ अजून खुर्चीतच होते. दर्शनाने त्यांचा गाल पुसला होता, भात भरवायचा प्रयत्न केला होता, पण त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. अक्षताला बघताच त्यांनी दांड्यावर थापा मारायला सुरुवात केली. तिने सांगितलं, आई आहे, हॉस्पिटलात आहे, बरी होईल. “नाय,” ते म्हणाले. मग डावा हात पुढे करून भिंतीकडे दाखवलं. पाणी हवंय? “नाय.” देवाऱ्यातला दिवा? “नाय, नाय, अरे.” पंखा? खिडकी? ते पुन्हा पुन्हा तिकडेच हात करत होते, मग आपल्याच तोंडाशी बोटं नेत होते आणि ती झटकून टाकत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“बाबा, मला कळत नाहीये!” ती ओरडली. “एक दिवस तरी गप्प बसा ना!”

दशरथ गप्प झाले. डोळ्यांतून पाणी आलं तसा त्यांनी चेहरा वळवला. अक्षता तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घुटमळतच तिने सांगितलं, ते बहुतेक गोळ्यांचं म्हणतायत. भिंतीवरच्या फळीवर औषधं असायची, ते तिकडे हात करतायत. प्रेमाकाकी मार्गशीर्षापासून बीपीची गोळी घेत नव्हत्या. तोंडाकडे नेऊन परत ठेवायच्या आणि नंतर सिंकमध्ये टाकायच्या. काकांसमोरच टाकायच्या, ते काही सांगू शकत नव्हते म्हणून.

का, असं अक्षताने विचारलं.

काकी म्हणायच्या, दर्शना बोलली, ‘गोळी घेतलंय की घेरी येता. मी पडलंय तर ह्येंका कोण उचलतला?’

दर्शनाला हे माहीत होतं, तिने का नाही सांगितलं, असा प्रश्न अक्षताच्या मनात आला. दर्शनानेच त्याचं उत्तर दिलं. काकींनी शपथ घातली होती. आणि ती गोळी बंद केल्यापासून काकी खरंच टवटवीत दिसत होत्या. बीपी म्हणजे काय, दुखत तर नाही कुठे.

त्यानंतरचे दिवस अक्षताला सलग आठवत नाहीत. आयसीयूबाहेरचा बाक, ऑफिसातून येणारे फोन, फाइलवर दर वेळी नवीन डॉक्टरची सही. तिसऱ्या दिवशी प्रेमाची शुद्ध आणखी हरपली. सूज वाढली होती. कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यावी लागेल कदाचित, तयारी ठेवा, असं मृणालिनी मॅडमनी सांगितलं. सर्वेशने विचारलं, मग वाचेल ना? त्यांनी उत्तर दिलं, वाचण्याची शक्यता वाढेल. एवढंच म्हणेन. वाचेल, असं कोणाकडूनच ऐकायला मिळत नव्हतं. अक्षताला त्या बाईचा राग यायचा आणि तिच्यावरच सगळा भरवसा होता. दोन्ही एकाच वेळी.

ऑपरेशन करावं लागलं नाही. औषधांनी सूज उतरत गेली. मध्येच न्यूमोनिया झाला, तोही निभला. एका सकाळी अक्षता काचेपाशी गेली तर आईचे डोळे उघडे होते. नर्सने आत सोडलं. प्रेमाने तिला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ह्यांनी जेवल्यानी?”

उच्चार थोडा जड होता, पण प्रत्येक शब्द स्पष्ट होता. अक्षता हसली नाही, रडली नाही. बाबांचं बोलणं गेलं आणि हिचं राहिलं, याचं कारण एवढंच की बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि हिचं रक्त उजवीकडे सांडलं होतं. नशीब म्हणायचं ते हेच असावं.

महिनाभराने प्रेमा घरी आली. डाव्या हातात जोर नव्हता, पाय ओढत का होईना, चालत होती. दोन मजले चढायला दत्तारामने मागून आधार दिला. दशरथ तिच्याकडे बघून एवढ्या जोरात “अरे” म्हणाले की शेजारचं दार उघडलं.

मग खरा वैताग सुरू झाला. आता घरात झटक्याचे दोन पेशंट होते आणि दोघांची औषधं एकमेकांच्या उलट. बाबांची रक्त पातळ करायची गोळी चुकली तर त्यांना पुन्हा गुठळी होण्याची भीती. तीच गोळी आईच्या पोटात गेली तर पुन्हा रक्तस्रावाची भीती. अक्षताने एकाची औषधं कपाटात कुलपात ठेवली, दुसऱ्याची फ्रिजवर. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, ती चार दिवसांत सोडून गेली. दुसरीला तिने एवढ्या वेळा तेच तेच बजावलं की तीही वैतागली. सर्वेश आता दर रविवारी येत होता. फरसाण आणायचा बंद झाला होता, बाबांना अंघोळ घालायला लागला होता. पण त्याने चुकूनही गोळ्यांना हात लावला की अक्षता त्याच्या अंगावर धावायची.

आणि प्रेमा बीपीची गोळी घेताना अजूनही तोंड वाकडं करत होती. अक्षता समोर उभी राहून गिळेपर्यंत बघायची, जीभ वर करायला लावायची. एका सकाळी प्रेमाने गोळी मुठीत धरली आणि मूठ उघडेना.

“एवढं सगळं होऊनही?” अक्षता म्हणाली. “बाबांच्या वेळी तूच म्हणालीस झोपू दे. आताही तुझंच खरं?”

दोन वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. प्रेमाने तिच्याकडे बघितलं. तिला धक्का बसलेला दिसला नाही. हे कधीतरी येणार, हे तिला ठाऊक असावं.

“होय, मीच म्हटलंय,” ती म्हणाली. “माका तेव्हा काय ठावक नव्हता. ह्या टायमाक तुका सगळा ठावक होता. मगे काय झाला?”

 अक्षताने आईच्या मुठीतली गोळी काढून घेतली, पाण्याबरोबर दिली, आणि आईने घेतली.

पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचं होतं. ओपीडीत गर्दी होती, नंबर लागेपर्यंत प्रेमा बाकावर दोनदा पेंगली. मृणालिनी मॅडमनी हात-पाय तपासले, बीपी घेतलं. मग त्यांनी अक्षताला मध्येच थांबवून प्रेमालाच विचारलं, पहिली गोळी घेतली की नेमकं काय व्हायचं? प्रेमाने सांगितलं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रात्रीचं सारखं लघवीला उठावं लागतं. आणि ही आताची? तीही तशीच, म्हणून ती नकोशी वाटते.

“मग ती बदलू,” डॉक्टर म्हणाल्या. “बीपीच्या खूप प्रकारच्या गोळ्या असतात. एक सोसली नाही तर दुसरी देतो. तुम्ही बंद करू नका, आम्हाला सांगा.”

त्यांनी जुनं नाव खोडून नवं लिहिलं. हळूहळू उठून बसायचं, मग उभं राहायचं, हे सांगितलं. पुढच्या पेशंटला आत बोलावलंसुद्धा.

अक्षता बाहेर येऊन जिन्यापाशी थांबली. हे एवढंच होतं. कोणीतरी विचारायचं, कोणीतरी सांगायचं, आणि एक नाव खोडून दुसरं लिहायचं. यासाठी आईच्या डोक्यात आवळ्याएवढं रक्त सांडलं होतं. तिला कुणाला तरी धरून हलवावंसं वाटलं. आईला, पहिल्या गोळ्या लिहून देणाऱ्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरला, दर्शनाला, त्या सुईला.

“दोन वर्षांत एकदा तरी सांगायचंस ना मला,” ती म्हणाली.

प्रेमा कठड्याला धरून उभी होती. दम लागला होता.

“तुका? तू माझ्याशी धड बोलत होतस खय?”

ती हे रागाने म्हणाली नाही, हिशेब मागावा तसंही नाही. नुसतं सांगितलं. मागून एक वॉर्डबॉय रिकामी व्हीलचेअर घेऊन आला आणि बाजूला व्हा म्हणाला. दोघी बाजूला झाल्या. अक्षताने आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. तो जड होता, पण बोटं थोडी आवळली गेली. प्रेमाने मुद्दाम आवळली की आपोआप, ते तिला कळलं नाही.

खाली रिक्षावाले जवळचं भाडं नको म्हणत होते. तिसऱ्याशी अक्षता जोरजोरात भांडली, नंबर टिपून घेईन म्हणाली. तो मुकाट्याने मीटर टाकून बसला. आईला आधी पाय आत घ्यायला लावून तिने बसवलं आणि स्वतः तिच्या डाव्या बाजूला बसली. रिक्षा चारकोप नाक्याच्या सिग्नलला थांबली.

मग अक्षताने विचारलं, रात्री लघवीला उठतेस तेव्हा नेमकी किती अंधारी येते, भिंत धरावी लागते का, की खाली बसावं लागतं?

प्रेमा सांगायला लागली.